जिंकणाऱ्याची हरकी

मंगळवारी पहाटे माझी बायको वारली. दुपारी तिचे एकुलते एक भाऊ, म्हणजे माझे मेहुणे, आले. शुक्रवारी आम्ही तिच्या अस्थी घरी आणल्या, आणि निघताना मेहुण्यांनी सांगितलं की त्या त्यांना हव्यात.

ते दारात बूट घालत होते. जपानी घरात महत्त्वाचं बोलणं पुष्कळदा तिथेच होतं, माणूस वाकलेला असताना, चेहरा दिसत नसताना. त्यांच्या गावी देवळामागे घराण्याचं थडगं आहे. आई तिथे आहे, वडील तिथे आहेत. रीतीप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवशी बहिणीलाही तिथे ठेवू, असं ते म्हणाले. मी म्हणालो, ती माझ्याजवळ राहील. तेव्हा त्यांनी मान वर करून आत पाहिलं. अस्थींचं पांढरं मडकं मी तात्पुरतं पुस्तकांच्या कपाटावर ठेवलं होतं, कारण आमच्या टोकियोतल्या फुनाबोरीच्या फ्लॅटमध्ये दुसरी उंच आणि रिकामी जागा नव्हती.

"तिथे?" ते म्हणाले. "शब्दकोशांच्या शेजारी?"

मुलीनं मामांना गाडीची वेळ सांगितली आणि ती त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेली.

इथली पद्धत थोडी सांगायला हवी. दहनानंतर जवळची माणसं मोठ्या चॉपस्टिक्सनी हाडं वेचून मडक्यात ठेवतात, पायांपासून वर डोक्याकडे, म्हणजे माणूस मडक्यात उभा राहतो. काही वेळा एकानं उचललेलं हाड दुसरा आपल्या चॉपस्टिक्सवर झेलतो. म्हणूनच जेवताना एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्सवर घास द्यायचा नसतो. लग्नाआधी मी पहिल्यांदा तिच्या घरी जेवायला गेलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. तिनं पुढे केलेला भोपळ्याचा तुकडा मी अगदी कौशल्यानं हवेतच पकडला. सासूबाई पांढऱ्या पडल्या. मेहुण्यांनी आपल्या चॉपस्टिक्सनी तो तुकडा खाली पाडला आणि काहीच झालं नाही अशा थाटात मला भात वाढला. त्या शुक्रवारी दहनभूमीत मात्र त्यांनी स्वतःच हाड उचलून माझ्याकडे धरलं. शेवटी कंठातलं एक लहान हाड ठेवतात. मांडी घालून बसलेल्या बुद्धासारखा त्याचा आकार असतो, आणि ते सगळ्यांत जवळच्या माणसानं ठेवायचं असतं. ते माझ्या चॉपस्टिक्समधून निसटू लागलं. त्यांनी आपल्या चॉपस्टिक्सचा आधार खालून दिला आणि आम्ही दोघांनी मिळून ते हाड वर ठेवलं. हे झालं आणि मग दोन तासांत दारातलं ते बोलणं.

हक्काचं म्हणाल तर तो माझ्या बाजूनं होता. इथल्या रीतीप्रमाणे बायको नवऱ्याच्या घराण्याच्या थडग्यात जाते. अडचण इतकीच की माझ्या घराण्याला थडगं नाही. इथे नाही आणि तिकडेही नाही. आमच्याकडे अस्थी पाण्यात सोडतात आणि घरी येऊन हातपाय धुतात.

मला त्या दिवसांत सारखे जुने खटले आठवत होते, आणि त्याचं कारण बायकोच होती.

मी ट्रेडिंग कंपनीतून निवृत्त झालो तेव्हा तिनं मला ग्योतोकुच्या एका वाचनमंडळात नेऊन बसवलं. महिन्यातून एका शनिवारी तिथल्या सार्वजनिक सभागृहात दहाबारा माणसं जमतात आणि जुने कागद वाचतात. एक निवृत्त शाळामास्तर मंडळ चालवतात, त्यांना सगळे सेन्सेई म्हणतात. बायको तिथे आधीपासून जायची. घरी बसून माझ्या स्वयंपाकात चुका काढण्यापेक्षा सातशे वर्षांपूर्वीच्या लोकांच्या काढा, असं ती म्हणाली. आम्ही सायकली काढायचो, नदीवरचा पूल ओलांडायचो, आणि येताना पुलाजवळच्या दुकानातून गरम बन घ्यायचो. मी पुण्यात इतिहास शिकलो आहे आणि विद्यार्थी असताना मोडीतले कागद वाचले आहेत. इथल्या जुन्या कागदांतली अक्षरंही मोडीसारखीच लेखणी न उचलता लिहिलेली, एकातून दुसरं निघणारी. भाषा मला अर्धी कळायची, पण ती घाई ओळखीची वाटायची. कुठल्याही देशातल्या कारकुनाला शेवटी घरी जायचं असतं.

गेली दोन वर्षं मंडळात एकाच खटल्याचे कागद चालले होते. पश्चिमेकडच्या प्रांतातली एक विधवा, आणि नवऱ्यानं तिच्या नावे ठेवलेला जमिनीचा तुकडा बळकावणारा तिचा धाकटा दीर. बाई आधी क्योतोला, राजधानीत गेली. राजदरबारात कुणाची ओळख असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता, आणि ओळख रिकाम्या हातानं होत नव्हती. तिनं रेशीम दिलं, वाळवलेले मासे दिले, कागदाची रिमं दिली. वर्षभरानं तिला सांगण्यात आलं की प्रतिवादी योद्ध्यांपैकी आहे, तेव्हा हे काम इथलं नव्हे, कामाकुराला जा. कामाकुरा म्हणजे शोगुनांची, योद्ध्यांच्या सरकारची, राजधानी, पायी पंधरवड्याची वाट. ती गेली. तिथे अर्जांची नोंद व्हायची, कुठला अर्ज कुठल्या गटापुढे जाणार हे ठरायचं, आणि मग वाट पाहणं. राहायला भाड्याची खोली, बरोबर एक नोकर, नोकराचं पोट. पावसाळ्यात वाटा बंद, हिवाळ्यात न्यायाधीश आजारी, वसंतात न्यायाधीश प्रतिवादीचा व्याही निघाला म्हणून उठून गेला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिच्या एका अर्जात शेवटी ओळ होती की मी आता जी जमीन मागते आहे तीच गहाण टाकून इथे जेवते आहे.

ही ओळ वाचून झाल्यावर मंडळातल्या एका आजींनी चष्मा काढून पुसला आणि सेन्सेईंनी पाच मिनिटं आधी चहाची सुट्टी दिली.

घरी आलो की मी बायकोला आमच्याकडच्या गोष्टी सांगायचो. दख्खनमध्ये बादशहाच्या दरबारात पाटीलकीचे तंटे जायचे. गावात गोत बसायचं, म्हणजे सगळ्या वतनदारांची सभा. तिथे मनासारखं झालं नाही की माणूस घोड्यावर बसून राजधानी गाठायचा. परत येताना बहुधा घोडा नसायचा. आधी तो विकला जायचा, मग बायकोच्या अंगावरचं जायचं, मग खर्चाला पैसे देणाऱ्या मेहुण्याला नाहीतर मित्राला तो अर्धं वतन लिहून द्यायचा. कधी उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढून खरेपणा सिद्ध करायची वेळ यायची. आणि एवढं होऊन हरला तर गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरायची.

"आणि जिंकला तर?" बायकोनं विचारलं होतं. ती वाटाणे सोलत होती, हे मला स्पष्ट आठवतं.

"जिंकला तर हरकी भरायची."

"म्हणजे?"

"न्याय मिळाला याचा आनंद झाला म्हणून सरकारला द्यायची रक्कम. हरणाऱ्यानं दंड द्यायचा, जिंकणाऱ्यानं आनंद द्यायचा."

तिनं वाटाणे बाजूला ठेवले आणि ती पोट धरून हसली. मग तिनं विचारलं की एवढं करून त्यांना मिळायचं काय. मी म्हणालो, जमीन असायचीच, पण पुष्कळदा भांडण मानाचं असायचं. पोळ्याला कुणाचा बैल पुढे, होळीत पहिली पोळी कुणाची.

"एका पोळीसाठी अर्धं वतन," ती म्हणाली. "मला तुमची माणसं आवडली."

तिला सगळ्यांत जास्त आवडलेली गोष्ट मात्र तिच्या देशातली होती. कामाकुरात फिर्याद दाखल झाली की कचेरी प्रतिवादीच्या नावे प्रश्नपत्र काढायची. हे खरं काय, याचं उत्तर दे. पण ते पोचवायला कचेरीचा शिपाई जात नसे. ते फिर्यादीच्याच हातात देत. ज्यानं आपल्याला लुबाडलं त्याच्या दारात आपणच जायचं, तो कागद द्यायचा, त्याला उत्तर द्यायला लावायचं. त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न, पुन्हा तीच वाट. असे तीन प्रश्न आणि तीन उत्तरं. मला वाटलं, यासारखा छळ नाही. बायकोला तसं वाटलं नाही. ती म्हणाली, निम्मे खटले त्या दारातच मिटत असतील. मी तिला सांगितलं की उलट, काहीजण तो नुसता प्रश्न म्हणजे निकालच आहे असं भासवून उभी पिकं कापून न्यायचे, आणि त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. सेन्सेईंनीच तसं सांगितलं होतं.

"ते काहीजण," ती म्हणाली. "मी उरलेल्यांबद्दल बोलते आहे."

वसंतात ती आजारी पडली. कागदांच्या प्रती मी इस्पितळात न्यायचो आणि आम्ही दोघं हळूहळू वाचायचो. दुसऱ्या प्रश्नापर्यंत आम्ही पोचलो.

अस्थींवरून मेहुण्यांचे फोन येऊ लागले तेव्हा माझ्या मुलीनं मला वकिलाकडे नेलं. ती इथेच वाढली, टोकियोत नोकरी करते. मी मराठीत बोलतो, ती जपानीत उत्तर देते, आणि आमचं कधी अडत नाही. ती म्हणाली की अशा गोष्टींसाठी कौटुंबिक न्यायालय असतं, तिथे आधी समेट घडवायचा प्रयत्न करतात, आणि मामांसारख्या माणसाशी तिसऱ्या माणसाच्या देखतच बोललेलं बरं. वकील तरुण आणि नम्र होता. तो म्हणाला की नवरा म्हणून तुमचाच हक्क मानला जाण्याची शक्यता जास्त आहे, फक्त वेळ किती लागेल ते सांगता येत नाही. मग त्यानं फीची माहिती दिली. एक रक्कम सुरुवातीला, आणि जिंकल्यास यशाबद्दल वेगळी.

मला हसू आलं. त्याला वाटलं मला रक्कम जास्त वाटली, आणि त्यानं लगेच हप्त्यांचं काहीतरी सांगितलं. मी त्याला तसं नाही म्हणून सांगितलं, पण का हसलो ते सांगितलं नाही. ज्याला ते सांगायचं ते माणूस आता घरी नव्हतं.

त्यानं मेहुण्यांच्या नावे एक पत्र तयार केलं. अस्थींवर माझा हक्क आहे, आपण तो मान्य करता का, ठरलेल्या मुदतीत कळवावं. असं पत्र पोस्टातून विशेष पद्धतीनं पाठवतात. मजकुराची प्रत पोस्टच ठेवून घेतं, म्हणजे मिळालंच नाही असं कुणाला म्हणता येत नाही. मी विचारलं, मी स्वतः नेऊन दिलं तर चालेल का. वकील म्हणाला, चालेल, पण त्याचा काही उपयोग नाही. घरी येताना मुलगी म्हणाली, "बाबा, आपण कामाकुरा काळात राहत नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो. "मी ट्रेननं जाणार आहे."

मेहुण्यांची संत्र्यांची बाग आहे. इथे त्या फळाला मिकान म्हणतात, पातळ सालीचं, लहान. ओदावाराच्या पलीकडे समुद्रावरच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी झाडं आहेत. मी गेलो तेव्हा नोव्हेंबर सुरू होता आणि तोडणी चालू होती. गाडीत मला खिडकीशी जागा मिळाली. ओफुना स्टेशनवर कामाकुराला जाणारे लोक उतरले, बहुतेक शाळेची सहल होती, सगळ्यांच्या टोप्या पिवळ्या. पुढे समुद्र लागला. मला त्या विधवेचं कौतुक वाटू लागलं, आणि जरा मत्सरही. तिला चालायला पंधरवडा मिळत होता. एवढ्या वेळात माणूस आपलं म्हणणं नीट घोळवू शकतो. मला दोन तासही मिळाले नाहीत. ती दिराच्या दारात उभी राहिली असेल तेव्हा तिला कुणी पाणी विचारलं असेल का, हे कागदात कुठेच नव्हतं. कागदात तसलं काही नसतंच.

मेहुणे आणि त्यांची बायको पडवीत फळं निवडत बसले होते. त्या उतारावर एका रुळावरून चालणारी छोटी गाडी आहे, ती वरून फळांच्या पेट्या खाली आणते. गाडी नुकतीच आली होती आणि तिचं इंजिन फटफटत होतं, त्यामुळे मी आल्याचं त्यांना कळलं नाही. मला पाहून मेहुणे उठले नाहीत. वहिनी उठल्या. त्यांनी चहा आणला, मग काही न विचारता सुती हातमोजे आणून माझ्यापुढे ठेवले. मी बसलो आणि निवडायला लागलो. मोठी एका पेटीत, लहान दुसरीत, डाग पडलेली घरच्या टोपलीत. हे काम मी पूर्वीही केलं होतं, सुट्टीत आम्ही यायचो तेव्हा. बायको डाग नसलेलीही टोपलीत टाकायची आणि भावाचा ओरडा खायची.

माझी पिशवी शेजारी होती. पाकिटाचं टोक बाहेर दिसत होतं.

"वकिलाचं?" मेहुण्यांनी विचारलं.

"हो."

"पोस्टानं का नाही पाठवलं? पैसे वाचवलेत?"

"गाडीभाडं जास्त झालं," मी म्हणालो. वहिनी खाली बघून हसल्या.

मी त्यांना प्रश्नपत्रांबद्दल सांगितलं. जुन्या काळी फिर्यादीलाच प्रश्न घेऊन जावं लागायचं आणि तुमच्या बहिणीला ती पद्धत आवडायची, इतकंच. त्यांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "मग विचारा ना. कागद कशाला? माझा चष्मा आत आहे."

मला पाठ असलेला प्रश्न वकिलाचा होता, आणि तो त्या पडवीत विचारण्याजोगा नव्हता. मी हातातलं फळ ठेवलं. जपानीत त्यांना मी नेहमी थोरल्या भावाला म्हणतात तसं ओनिइसान म्हणतो, तसंच म्हणालो.

"ओनिइसान, ती तुम्हाला का हवी आहे?"

ते उठले आणि रुळावरच्या गाडीचं इंजिन बंद करून आले. मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. आमचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंना माझ्या भाषेची, धर्माची, पगाराची फारशी चिंता नव्हती. त्यांनी एकच विचारलं होतं, या माणसाला इथे थडगं नाही, शेवटी ही जाणार कुठे. मेहुण्यांना त्याचं उत्तर देता आलं नाही, म्हणून त्यांनी शब्द दिला, की मी तिला परत आणीन. सासूबाई अखेरच्या आजारपणातही तेच विचारत. आता दर सणाला थडग्यापुढे हात जोडताना मेहुण्यांना वाटतं की आई विचारते आहे.

"आता माझा प्रश्न," ते म्हणाले. "तुम्ही गेल्यावर तिचं काय?"

मला वाटलं होतं याचं उत्तर माझ्याकडे आहे. "आमच्याकडे पाण्यात सोडतात," मी म्हणालो.

"तिला? पाण्यात?"

बायकोला पोहता येत नव्हतं. समुद्रासमोर वाढलेली मुलगी, पण लहानपणी एकदा लाटेखाली सापडली आणि त्यानंतर घोट्याच्या वर पाण्यात कधी गेली नाही. आम्हा तिघांनाही ते एकदमच आठवलं असावं. वहिनी म्हणाल्या, ती नावेतसुद्धा डोळे मिटून बसायची.

"मग काय ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी असेपर्यंत मला ती घरात हवी आहे. सकाळी चहा करतो तेव्हा मी दोन कप काढतो. त्याच्या पुढचं मला माहीत नाही."

मेहुण्यांनी एक पेटी भरून बाजूला सरकवली. दुसरी ओढली. समुद्रावरून वारा आला आणि पडवीतली वर्तमानपत्रं हलली.

"ठेवा," ते म्हणाले. "तुमची बायको आहे ती."

मी आभार मानले. ते म्हणाले, आभार कसले. मग फळाकडे बघतच म्हणाले, "हेच पोस्टानं आलं असतं तर मी पोस्टानंच उत्तर दिलं असतं. मलाही एक वकील ठाऊक आहे. ओदावारात बसतो. फार हट्टी आहे."

म्हणजे मी जिंकलो होतो. त्या क्षणी मला बायकोची आठवण झाली ती वाटाणे सोलतानाची. मी मेहुण्यांना म्हणालो की आमच्या देशात खटला जिंकणाऱ्यालाही द्यावं लागतं.

"कुणाला?"

"सरकारला. पण इथे सरकार नाही, तेव्हा तुम्हाला."

"किती?" त्यांनी संशयानं विचारलं. व्यापारी माणूस.

मी म्हणालो, कंठातलं हाड. ते तुम्ही घ्या आणि आईजवळ ठेवा. बाकीची माझ्याकडे राहील. इथे अस्थी अशा वाटून ठेवण्याची पद्धत आहे, दहनभूमीतून तसा दाखलाही मिळतो, म्हणजे मी काही जगावेगळं बोललो नव्हतो. पण त्या हाडाचं नाव घेईन असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं. सगळ्यांत जपतात ते तेच. मी ते बोलून गेलो आणि मला हलकं वाटलं. आनंद द्यायचा म्हणजे काय हे मला पुण्यातल्या वर्गात कळलं नव्हतं.

मेहुणे निवडत राहिले. थोड्या वेळानं पाहिलं तर त्यांनी डाग पडलेली दोनतीन फळं चांगल्या पेटीत टाकली होती. वहिनींनी ती हळूच काढून टोपलीत ठेवली.

जेवायला थांबलो. भोपळा होता. मेहुण्यांनी एक तुकडा चॉपस्टिक्समध्ये धरून माझ्याकडे केला, मी गोंधळलो, आणि त्यांनी तो माझ्या वाटीत सोडला. "शिकलात," ते म्हणाले. वकिलाचं पाकीट मी न फोडताच परत आणलं.

एकोणपन्नासाव्या दिवशी मी आणि मुलगी मडकं घेऊन गेलो. गाडीत ती ते मांडीवर धरून बसली होती आणि जाताना बराच वेळ तिनं मला आईच्या लहानपणीच्या गोष्टी विचारल्या, ज्या मला माहीत नव्हत्या. मामांना विचार, असं मी सांगितलं. तिनं विचारल्या, आणि परत यायला आम्हाला उशीर झाला. देवळातल्या भटजींनी मडक्याचं झाकण उघडलं. ते हाड अगदी वरच होतं, आम्ही ठेवलं तसंच. मेहुण्यांनी आणि मी ते दोघांनी मिळून उचललं आणि लहान भांड्यात ठेवलं. या वेळी ते निसटलं नाही. थडग्याचा दगड सरकवला, भांडं आत गेलं. मेहुणे थडग्यापुढे हात जोडून उभे राहिले ते बराच वेळ. काय सांगत असतील ते मला कळत होतं, म्हणून मी मुलीला घेऊन जरा लांब, समुद्र दिसतो तिकडे गेलो.

वकिलाला मी फोन केला. त्यानं अभिनंदन केलं आणि पत्र लिहिण्यापुरतेच पैसे घेतले. यशाबद्दलची रक्कम लागू होत नाही, असं तो म्हणाला. मी म्हणालो की ती दिली आहे. तो जरा थांबला आणि मग त्यानं पुन्हा अभिनंदन केलं.

जानेवारीत मी मंडळात परत गेलो. माझ्या शेजारची खुर्ची कुणी काढली नव्हती, आणि तिच्यावर कुणी बसलंही नव्हतं. मी मेहुण्यांकडून आलेली मिकान नेली होती, ती सगळ्यांत वाटली. त्या दिवशी आम्ही विधवेच्या कागदांपैकी शेवटचा वाचला. तिसरा प्रश्न घेऊन ती कामाकुराहून गावी निघाली, अशी त्यात नोंद आहे. त्यापुढचा कागद उरलेला नाही. उत्तर नाही, निकाल नाही. चष्मा पुसणाऱ्या आजी म्हणाल्या, बिचारी वाटेतच गेली असणार. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, पैसे संपले असणार. सेन्सेईंनी मला विचारलं.

मी म्हणालो, "दिरानं तिला चहा दिला असेल."

सेन्सेई म्हणाले की त्याला काहीच पुरावा नाही, आणि शिवाय त्या प्रांतात तेव्हा चहा पीत नसत. सगळे हसले. मीही हसलो. मग त्यांनी पुढच्या महिन्याचे कागद वाटले. मला त्यांनी दोन प्रती दिल्या, सवयीनं, आणि मी दोन्ही घेतल्या.

संध्याकाळी पुलावरून सायकल चालवत घरी आलो. वारा होता. पुलाजवळच्या दुकानातून एक बन घेतला.

आता मडकं कपाटावरच आहे, शब्दकोशांच्या शेजारी. त्यातलं एक हाड समुद्रावरच्या उतारावर तिच्या आईपाशी आहे. हिवाळ्यात मेहुण्यांकडून मिकानची पेटी येते, आणि तिच्यात डाग पडलेलं एकही फळ नसतं.